अविवाहित आजोबा

स्पॅनिश कागदपत्रांचं इंग्रजी करून देणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. जन्मदाखले, खरेदीखतं, मुखत्यारपत्रं, पेन्शनचे कागद. नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व झालं की पुढे हमखास एक रकाना येतो : ‘एस्तादो सिविल’. म्हणजे लग्न झालंय का, नसलं तर का नाही, आणि झालं असलं तर सध्या त्याचं काय चाललंय. लोकांना वाटतं, यात काय मोठंसं? सोल्तेरो म्हणजे सिंगल, कासादो म्हणजे मॅरीड, दिवोर्सियादो म्हणजे डिव्होर्स्ड, बिउदो म्हणजे विडोअर. शाळकरी पोरही करील. मला मात्र करारमदाराची पानंच्या पानं परवडली. गाडी अडते ती या एका शब्दापाशी.

कासादोचं त्यातल्या त्यात बरं. त्याच्या पोटात ‘कासा’, म्हणजे घर आहे. ‘एल कासादो कासा किएरे’, लग्न झालेल्याला आपलं घर हवं, अशी म्हणच आहे त्यांच्यात. आपल्याकडे नव्या सुनेला हे स्पॅनिश शिकवायची गरज नाही. कोस्टारिकातल्या खाणावळीत ‘कासादो’ मागवलात तर भात, घेवड्याची उसळ, तळलेलं पिकलं केळं आणि कोशिंबीर असं एकाच ताटात नांदणारं कुटुंब पुढ्यात येतं. इंग्रजीतलं मॅरीड यापुढे फारच कोरडं. शिवाय त्यात बाई की बाप्या तेही कळत नाही. कासादो आणि कासादा दोघंही मॅरीडच. वैधव्यात मात्र इंग्रजी एकदम जागी होते आणि विडो-विडोअर वेगळे करते. आपणही ‘विवाहित’ दोघांना चालवून घेतो आणि विधवा-विधुर वेगळे ठेवतोच, तेव्हा हसायला जागा नाही.

इंग्रजांच्या जुन्या विवाहनोंदीत या रकान्याचं नाव होतं ‘कंडिशन’. जुनी गाडी विकायला काढल्यावर विचारतात तसं. त्याखाली बॅचलर, स्पिन्स्टर (म्हणजे लग्न न झालेली बाई), विडो. 2005 च्या डिसेंबरात तिथे सिव्हिल पार्टनरशिप, म्हणजे समलिंगी जोडप्यांच्या नात्याची कायदेशीर नोंद, आली आणि बॅचलर-स्पिन्स्टर जाऊन दोघांसाठी ‘सिंगल’ आलं. स्पिन्स्टर गेली ते उत्तम झालं. पण सिंगल हा शब्द मोठा गुळमुळीत आहे. कधीच लग्न न झालेला सिंगल, आणि अमेरिकेच्या करविवरणात घटस्फोट झालेलाही बहुधा सिंगलच. स्पॅनिश कागदाला हे खपत नाही. घटस्फोट झालेला माणूस गप्पांत खुशाल ‘एस्तोय सोल्तेरो’ म्हणेल, पण कागदावर तो दिवोर्सियादो. पुन्हा लग्न करीपर्यंत त्यातून सुटका नाही.

चिलीने मात्र ही सुटका करून दाखवली होती. तिथे घटस्फोटाचा कायदा आला 2004 साली. तोवर विभक्त व्हायचंच असेल तर लग्न मुळातच अवैध ठरवून घ्यायचं, ही पळवाट. त्याची रीत अशी : लग्न लावणाऱ्या नोंदणी अधिकाऱ्याच्या हद्दीत दोघांपैकी कुणीच राहत नव्हतं, म्हणून त्याला हे लग्न लावायचा अधिकारच नव्हता, असं सांगणारे साक्षीदार उभे करायचे. साक्षीदार बेधडक सांगायचे, वकिलांना ठाऊक असायचं, न्यायाधीशांनाही ठाऊक असायचं. दशकानुदशकं हे राजरोस चाललं. निकाल लागला की लग्न झालंच नव्हतं. आणि ते झालंच नव्हतं, म्हणजे दोन्ही माणसं पुन्हा सोल्तेरो! घरात मोठी मुलं, मांडीवर नातू, आणि दाखल्यावर आजोबा अविवाहित. असा कागद आला की मी ‘सिंगल’ लिहिते. दुसरं काही लिहिणं खोटं ठरेल. पलीकडच्या कचेरीतून मग कुणीतरी विचारतं, भाषांतरात चूक नाही ना? चूक नाही हो, तो देश तसा होता.

अर्जेंटिनात घटस्फोट 1987 ला आला. त्याआधी 1954 मध्ये एकदा येऊन 1956 मध्ये स्थगितही झाला होता. शेजारच्या उरुग्वेत तो 1907 पासून. मग अर्जेंटिनातली विभक्त मंडळी दुसऱ्या लग्नासाठी उरुग्वे गाठायची, नाहीतर मेक्सिकोत प्रतिनिधीमार्फत, स्वतः न जाताच लग्न लावून घ्यायची. तिथली खरेदीखतंही चौकस. नुसतं कासादो लिहून भागत नाही. ‘कासादो एन प्रिमेरास नुप्सियास कोन’ अमुक, म्हणजे पहिल्या लग्नाने अमुकबाईशी विवाहित. ‘सेगुंदास’ आलं की बिजवर. इंग्रजीत हे जसंच्या तसं ठेवलं की वकील विचारतात, जागेच्या व्यवहारात हे कशाला? पण लग्नाबरोबर मालमत्ता येते ना! स्पेनमध्ये लग्नानंतरची कमाई सहसा दोघांची, तिला गानानसियालेस म्हणतात. कातालोनियात, वेगळा करार नसेल तर, ज्याचं त्याचं. त्यामुळे तिकडचा कासादो अर्धवट असतो, कुठल्या पद्धतीने कासादो ते पुढे लागतं. गोव्यात जमीन घेतलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे 1867 च्या पोर्तुगीज कायद्यामुळे, वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि विक्रीखतावर सही दोघांची.

सगळ्यात घातकी शब्द म्हणजे ‘उनिओन लिब्रे’. लग्न न लावता नवरा-बायकोसारखं राहणं. मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंत हे इतकं सर्रास आहे की फॉर्मवर त्याला स्वतंत्र चौकट असते. पुष्कळ भाषांतरकार डोळे झाकून ‘कॉमन-लॉ मॅरेज’, म्हणजे विधी-नोंदणीशिवायही कायद्याने धरलेलं लग्न, असं ठोकून देतात. टेक्साससारख्या ठिकाणी अशा जोडप्याला कायदा पुरतं विवाहित मानतो. वेगळं व्हायचं तर रीतसर घटस्फोट घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये तर असं काही अस्तित्वातच नाही, लोक उगाच आहे असं धरून चालतात. म्हणजे माझ्या एका शब्दाने कोलंबियातल्या बोगोताच्या बाईचं टेक्सासातल्या ह्यूस्टनमध्ये लग्न लागायचं, तेही तिला न विचारता.

याचंच मेक्सिकोतलं कायद्याचं नाव कोंकुबिनातो, आणि त्यातली बाई कोंकुबिना. सरळ इंग्रजी करायला गेलं तर ‘कॉन्क्युबाइन’, म्हणजे रखेल! मेक्सिको शहराच्या कायद्यात दोन वर्षं एकत्र राहिलेल्या, किंवा मूल झालेल्या, दोन्हीकडून लग्नाला मोकळ्या असलेल्या जोडीला हे नाव आहे. तिला वारसाहक्क आहे, पोटगी आहे. एवढं सगळं मिळवलेल्या बाईला अर्जावर रखेल करून ठेवायचं? मी ‘कोहॅबिटिंग पार्टनर’ लिहिते. त्यातून हक्क दिसत नाहीत हे खरं, पण निदान अब्रू तरी राहते.

विधवांचे कागद तुलनेने सोपे, पण त्यांत जीव गुंततो. जुन्या दस्तांत ‘बिउदा दे’ असं नावातच यायचं : अमुकबाई, तमुकांची विधवा. नवरा गेला तरी त्याचं आडनाव ‘ची विधवा’ होऊन चिकटलेलं. आपल्या जुन्या पत्रिकांतलं ‘गं. भा.’ आठवतं. गंगा भागीरथी म्हणून केवढा मान, आणि तोच घरभर फिरणारा शिक्का. शिवाय स्पेनमध्ये ‘फे दे बिदा इ एस्तादो’ नावाचा दाखला असतो. आपण नोव्हेंबरात बँकेत देतो तो हयातीचा दाखला, फक्त त्यांचा दुहेरी : बाई जिवंत आहे, आणि अजून विधवाच आहे. कारण पुन्हा लग्न केलं की विधवा-पेन्शन सहसा बंद. नुसतं जगून चालत नाही, एकटीनं जगतेय हे दाखवावं लागतं.

आणि आता चिलीनेच नवी भर घातली आहे. 2015 च्या कायद्याने तिथे ‘कोन्बिबिएन्ते सिविल’ ही स्थिती आली, नागरी करार करून एकत्र राहणाऱ्यांची. करार संपला की माणसाला त्याआधीची स्थिती परत मिळते. आधी विधवा होती, करार केला, मोडला, की पुन्हा विधवा; पहिला नवरा पुन्हा कागदावर हजर. आणि आधी सोल्तेरा असलेल्या बाईचा जोडीदार वारला तरी करार संपतोच, म्हणून ती बिउदा नव्हे, परत सोल्तेराच. तिच्या दाखल्याचं इंग्रजी मी ‘सिंगल’ असंच करते. मग तळटीप देते, कायद्याचा क्रमांक 20.830 लिहिते, त्या बाईचं काय झालं ते दोन ओळींत सांगते. तळटीप काढून टाका, असा निरोप हमखास येतो. मी काढत नाही.