सिंहाच्या डब्यापलीकडचा केनिया

सुट्टीत गिरगावात आले की नैरोबीविषयी हमखास दोन गोष्टी विचारल्या जातात : तिथे सुरक्षित वाटते का, आणि तिथे आपली माणसे किती आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण केनियातले भारतीय म्हणजे दुकानदार ही मुंबईत घट्ट बसलेली समजूत त्या माणसांवर अन्याय करणारी आहे.

नैरोबीच्या रेल्वे संग्रहालयात एक जुना डबा जपून ठेवला आहे. 1900 साली किमा स्थानकात उभ्या असलेल्या याच डब्यातून सिंहाने रायल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला ओढून नेले होते, म्हणून येणारे पाहुणे त्याच्यापुढे फोटो काढतात. सिंह सर्वांच्या लक्षात राहतात. पण 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रूळ टाकण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32 हजार मजूर करारावर नेले गेले, त्यांत बहुसंख्य पंजाबी होते आणि जवळजवळ अडीच हजार तिथेच मेले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या नैरोबीत मी राहते, ते शहरही याच रेल्वेच्या ठाण्याभोवती वाढले.

काम संपल्यावर काही हजार मजूर तिथेच राहिले. मात्र डोंगराळ प्रदेशातली सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखीव होती, आणि शाळा, रुग्णालये, वस्त्या वर्णानुसार वेगळ्या होत्या. आफ्रिकी माणसाला तर त्याहूनही खालची पायरी होती, आणि पुष्कळ भारतीयांनी ती उतरंड मुकाट्याने मान्य केली, हेही लपवू नये.

ज्यांनी ती मान्य केली नाही, त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. कामगार नेते माखन सिंग यांनी एप्रिल 1950 मध्ये नैरोबीतल्या जाहीर सभेत संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. पुढच्याच महिन्यात त्यांना अटक झाली आणि ते अकरा वर्षांहून अधिक काळ स्थानबद्धतेत राहिले. पिओ गामा पिंटो हे नैरोबीत जन्मलेले गोवेकर. तरुणपणी त्यांनी आपल्या मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरी केली, तिथल्या संपात भाग घेतला आणि गोवामुक्तीच्या कामालाही वाहून घेतले. धोबीतलावाच्या गोवेकर कुडांवरून, म्हणजे गोव्याहून आलेल्यांच्या सामूहिक निवासांवरून, जाताना मला त्यांची हटकून आठवण होते. 1949 मध्ये केनियात परतल्यावर ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि 1954 पासून काही वर्षे मांडा बेटावर कैदेत राहिले. स्वतंत्र केनियाला जेमतेम चौदा महिने झाले असताना, 24 फेब्रुवारी 1965 रोजी, राहत्या घराच्या आवारात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. तेव्हा त्यांची लहान मुलगी गाडीतच होती.

स्वातंत्र्यानंतरही संशय संपला नाही. नागरिकत्व आणि कामाचे परवाने यांच्या अटी कडक झाल्या, तेव्हा 1968 च्या सुमारास हजारो भारतीय कुटुंबे ब्रिटनला निघून गेली. आशियाई वंशीयांना देशाचा 44 वा समुदाय म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती जुलै 2017 मध्ये. ती स्वातंत्र्याबरोबर 1963 सालीच मिळाली असती, तर त्यांतली कितीतरी कुटुंबे आज नैरोबीतच असती, असे मला मनापासून वाटते.