बदल जमिनीतला की प्रतिमेतला?

जमीन-वापरातल्या बदलावर प्रबंध करायचं ठरवलं तेव्हा रीत सरळ वाटत होती. दोन सालांच्या उपग्रह प्रतिमा घ्यायच्या, दोन्हींचं वर्गीकरण करायचं (प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे प्रतिमेतल्या ठिपक्याला, शेती, जंगल, बांधकाम असं नाव द्यायचं) आणि नकाशे एकमेकांवर ठेवून फरक काढायचा. लँडसॅट या अमेरिकी उपग्रह मालिकेच्या प्रतिमा २००८ पासून सगळ्यांना फुकट मिळतात आणि त्या ऑनलाइनच हाताळू देणाऱ्या गूगल अर्थ इंजिनमुळे डाउनलोडचा व्यापही वाचतो.

खरा वेळ खाल्ला तो तारखांनी. माझी जुनी प्रतिमा १९९५ ची, लँडसॅट ५ ची; नवी २०२० ची, लँडसॅट ८ ची. एकीत पीक उभं आणि दुसरीत तेच शेत कापणी होऊन उघडं पडलेलं असेल, तर संगणक बेधडक सांगतो की शेती गेली, पडीक आली. म्हणून दोन्ही प्रतिमा एकाच हंगामातल्या हव्यात, आणि नेमक्या तेव्हाच ढग. मधल्या वर्षांसाठी लँडसॅट ७ हाताशी होता, पण ३१ मे २००३ ला त्याचा स्कॅन लाइन करेक्टर, म्हणजे उपग्रह पुढे सरकताना प्रतिमेच्या ओळी जुळवून घेणारा भाग, बंद पडला. त्यानंतरच्या प्रत्येक प्रतिमेतला सुमारे २२ टक्के भाग पट्ट्यापट्ट्यांनी गायब. बँडचे, म्हणजे प्रकाशाच्या ज्या ठराविक तरंगलांबींत उपग्रह टिपतो त्यांचे, क्रमांकही सारखे नाहीत. लाल आणि निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा) हे लँडसॅट ५ मध्ये तिसरा आणि चौथा, तर लँडसॅट ८ मध्ये चौथा आणि पाचवा. या दोन बँडवरून हिरवाई मोजणाऱ्या एनडीव्हीआय या निर्देशांकाचं सूत्र तेच, पण क्रमांक बदलावे लागतात.

सगळ्यात चिवट निघाली ती उघडी माती आणि बांधकाम यांची गल्लत. एका दिवसाच्या प्रतिमेत दोन्ही जवळजवळ सारखीच चमकतात. त्यावर उपाय म्हणून वर्षभरातल्या सगळ्या स्वच्छ प्रतिमा घेऊन प्रत्येक पिक्सेलचा एनडीव्हीआय कसा हलतो ते पाहिलं. शेताची रेषा हंगामागणिक चढते-उतरते. सिमेंटची बारा महिने सपाट. वर्गीकरण करणाऱ्या रँडम फॉरेस्ट या संगणकीय पद्धतीला हे चढउतार दिल्यावर नकाशा एकदम सुधारला. फळबाग आणि जंगल यांचा घोळ मात्र पुरता सुटला नाही. उपग्रहाला झाडं दिसतात, ती कुणी कशासाठी लावली ते दिसत नाही.

मग अचूकता. दोन्ही नकाशे ८५ टक्के बरोबर, ऐकायला छान. पण चुका एकमेकींशी निगडित नसतील तर दोन्ही नकाशे एकाच जागी बरोबर असण्याची शक्यता ७२ टक्क्यांवर येते. बदललेली जमीन एकूण क्षेत्राच्या मानाने थोडीच असते, त्यामुळे नुसते पिक्सेल मोजून तिचं क्षेत्रफळ सांगणं मला पटेना. बदललेल्या आणि न बदललेल्या भागांतून वेगवेगळे यादृच्छिक बिंदू निवडले, त्या त्या काळच्या प्रतिमांवर एकेक डोळ्यांनी तपासले आणि त्यावरून क्षेत्रफळाचा अंदाज, अधिक-उणे मर्यादेसकट, काढला. काम कंटाळवाणं, पण टाळू नये. बांधकामाची वाढ या चाळणीतून टिकली. पडीक जमिनीची मर्यादा मात्र इतकी रुंद आली की ती वाढली की घटली हे सांगता येईना, आणि प्रबंधातल्या तक्त्यात मी तसंच लिहिलं.