आत्याची मिंग

आत्याच्या दादरच्या घरात टीव्हीशेजारी एक फुलदाणी आहे. तिच्यात फूल कधी कुणी पाहिलेलं नाही. तीन मोरपिसं, एक लाकडी फुटपट्टी आणि पावसाळ्यात घडीची छत्री, एवढाच तिचा संसार. पण आल्यागेल्याला ती दाखवताना आत्याचा आवाज बदलतो. "मिंग आहे ती. मामंजींनी आणलेली, चीनची." मिंग म्हणजे चीनचं एक जुनं राजघराणं. मामंजी गोदीत कारकून होते, तेव्हा चीन काही अगदीच अशक्य नव्हतं. शिवाय फुलदाणी दिसते तशीच भारदस्त. क्रीम रंगावर सोन्याचा मुलामा, गुलाबी-निळी वस्त्रं ल्यालेले टकलू म्हातारे, प्रत्येकाच्या डोक्यामागे सोनेरी वलय, आणि त्यांच्यामधून वळसे घेत गेलेला उठावाचा पांढरा ड्रॅगन. लहानपणी मला ते चीनचे राजे आहेत असं सांगितलं गेलं होतं.

मला या वस्तूंचा नाद लागला तो चोरबाजारात. मटन स्ट्रीटवर एका दुकानात मी एक निळीपांढरी बाटली हातात धरून तिच्यावरचा मासा न्याहाळत होते. दुकानदार चहा पिता पिता म्हणाला, "ऊपर का मत देखो मॅडम. ऊपर तो सब सुंदर होता है. उल्टा करो." तेव्हापासून मी दिसेल ते भांडं उलटं करते. हॉटेलात बशीसुद्धा. नवऱ्याने माझ्यासोबत हॉटेलात जायचं कमी केलं आहे. म्युझियममध्ये मात्र पंचाईत होते. मुंबईच्या आपल्या वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेली चिनी-जपानी भांडी आहेत, एकाहून एक. पण ती काचेआड, सभ्यपणे उभी. बुडं कशी बघणार?

बुडाला दोन गोष्टी बघायच्या असतात. एक, लिहिलेलं. आपल्याकडे लग्नातल्या स्टीलच्या डब्यावर मशीनने नाव आणि तारीख कोरतात, तसं चिनी भांड्यांच्या बुडाला निळ्या अक्षरांत राजवटीचं नाव असतं. बहुधा सहा अक्षरं, दोन उभ्या ओळींत, उजवीकडून वाचायची: महान मिंग, श्वानद राजवटीत बनवलेलं. ही राजवट 1426 ते 1435. वाटतं, झालं काम! पण डब्यावरची तारीख खोटी नसते, यांची असू शकते. मिंगनंतरच्या छिंग घराण्याचा कांगशी सम्राट 1661 ते 1722 गादीवर होता. त्याच्या काळातल्या कुंभारांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या छंगह्वा राजवटीचं नाव सर्रास घातलं. सगळीच काही लबाडी नव्हती. आजोबांचं नाव नातवाला ठेवावं, तसं जुन्या चांगल्या कामाला केलेलं वंदन होतं. पुढे ते वंदन बाजारात फार चालू लागलं, हा भाग वेगळा.

म्हणून दुसरी गोष्ट जास्त कामाची: न लिहिलेलं. भांडं ज्या कडीवर उभं राहतं तिथे झिलई पुसलेली असते, नाहीतर ते भट्टीतच चिकटून बसेल. त्या उघड्या मातीचा रंग, तिला चिकटलेली वाळू, कड कशी कापली आहे, हे बघायचं. जपानातल्या आरिताच्या जुन्या बशांना बुडावर तीन-चार बारीक ठिपके उमटलेले सापडतात. भट्टीत बशीचं पोट खाली बसू नये म्हणून दिलेल्या टेकूंच्या त्या खुणा. नाव घालताना कुंभार विचार करतो, टेकू लावताना करत नाही. माझा विश्वास टेकूवर.

तर, मागच्या दिवाळीआधी आत्याने घर रंगवायला काढलं आणि फुलदाणी हलवायचं काम माझ्याकडे आलं. उलटी करायची म्हणजे आधी रिकामी करायला हवी. आतून चार आण्यांची नाणी, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, केसांच्या पिना आणि एक वाळलेलं लिंबू निघालं. मग टिचकी मारली. मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो, ही तर मिंग. चिनी माती असेल तर घंटेसारखा नाद यायला हवा. ही "ठक्" म्हणाली.

म्हणजे ही चिनी मातीच नव्हती. चिनी मातीत केओलिन नावाची पांढरी माती लागते (ते नाव चीनमधल्या जिंगदजनजवळच्या गाओलिंगवरून आलं), भट्टी तेराशे अंशांच्या आसपास तापते, आणि पातळ भांडं दिव्यासमोर धरलं तर उजेड आरपार दिसतो. ही नुसती भाजलेली मऊ माती, वर झिलई, आणि झिलईत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. शिवाय ते गुलाबी कपडे. मिंग घराणं 1644 साली संपलं, आणि सोन्यापासून करतात तो गुलाबी रंग चिनी भांड्यांवर चढला 1720 च्या सुमारास. हे मला उलटी न करताही कळायला हवं होतं. माणूस घरच्या वस्तूकडे बघतच नाही.

बुडाला काय होतं? वर्तुळात फुली: जपानच्या सात्सुमा प्रांतातल्या शिमाझू घराण्याचं चिन्ह. त्याखाली, लाल शाईत, रोमन लिपीत "जपान". अमेरिकेने 1890 च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं केलं. जपानी लोक आधी "निप्पॉन" लिहीत. 1921 पासून अमेरिकेने ते चालणार नाही असं ठरवलं, "जपान"च हवं. म्हणजे फुलदाणीचं वय फार तर शंभरेक. तिचा सात्सुमाशी संबंध असेलच असंही नाही. 1867 च्या पॅरिसच्या प्रदर्शनानंतर सात्सुमाच्या भांड्यांना पाश्चात्त्य गिऱ्हाईक इतकं मिळालं की क्योटो, योकोहामा, नागोया इथेही "सात्सुमा" बनू लागलं. आपल्याकडे पैठणी येवल्यात विणतात, तसंच.

"चीनची नाही, चिनी मातीची नाही आणि मिंगही नाही," मी आत्याला म्हटलं. जरा जास्तच उत्साहाने म्हटलं असावं.

आत्या मोरपिसं पुसत होती. "मग हे राजे कुणाचे?"

"राजे नाहीत गं. रकान. म्हणजे अर्हत, बुद्धाचे शिष्य. आपला 'अर्हत' चीनमध्ये 'लोहान' झाला, तिथून जपानात 'रकान'."

"म्हणजे इकडचेच की," आत्या म्हणाली आणि एकाचं टक्कल फडक्याने जरा जास्त वेळ पुसलं.

मला वाईट वाटलं, म्हणून फ्रान्सची हकिगत सांगितली. 2022 साली तिथे फोंतेनब्लोला एक निळीपांढरी चिनी फुलदाणी लिलावाला आली. ब्रिटनी प्रांतातल्या कुणा आजीच्या घरातली. तज्ज्ञाने सांगितलं, विसाव्या शतकातली आहे, दोन हजार युरो येतील. बोली गेली 77 लाख युरोवर, म्हणजे साठ कोटी रुपयांच्या आसपास. घेणाऱ्यांना ती अठराव्या शतकातली वाटली. तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिला आणि त्याचं काम गेलं.

आत्याने फडकं बाजूला ठेवलं. "मग आपली पण दाखवू या की कुणाला. नक्की वय कळायची काही सोय नसेल?"

"आहे. बुडाला बारीक ड्रिल मारून थोडी पूड काढतात. ती तापवली की तिच्यातून उजेड निघतो, त्यावरून शेवटची भट्टी कधी बसली ते मोजतात. तेही अंदाजेच."

"ड्रिल?" आत्याने फुलदाणी माझ्या हातातून काढून घेतली, सरळ केली आणि चार आणे, किल्ल्या, पिना एकेक करून आत टाकल्या. लिंबू तेवढं केरात गेलं. "काही नको. मिंगच आहे ती."