खड्ड्याभोवती

संध्याकाळी सहाच्या सुमाराला आमच्या नवी मुंबईतल्या नेरूळच्या ‘ज्वेल’ तळ्यावर एकच प्रश्न ऐकू येतो, “किती झाले?” म्हणजे राउंड. मी आकडा नेहमी एकाने वाढवून सांगते. समोरचीही वाढवूनच सांगत असणार, त्यामुळे कुणाचंच नुकसान होत नाही.

तळ्याभोवती चालण्याइतकं सोपं काही नाही, असं माझं बरीच वर्षं मत होतं. चढ नाही, कुणाला रस्ता विचारायला नको. पाणी डाव्या हाताला ठेवायचं आणि चालत राहायचं. चपला काढल्या होत्या तिथेच परत. हे मत माझ्या लेकीने बदलवलं. ती जर्मनीत लाइपझिगला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा एका रविवारी म्हणाली, “आई, तळ्यावर जाऊ. सगळं सपाट आहे गं, तुझ्या ज्वेलसारखंच.” तळ्याचं नाव कोस्पुडेन. फेरी साधारण ११ किलोमीटरची आहे हे तिने मला सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, यावर आमच्यात अजून वाद आहे.

सपाट मात्र खरंच होतं. सायकलवाले, बाबागाडीवाले, माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या आज्या दोन्ही हातांत काठ्या घेऊन तुरुतुरु पुढे निघून जात होत्या. माझे गुडघे अर्ध्या वाटेवर बोलायला लागले. आणि तळ्याच्या फेरीची गंमत तिथे कळते. डोंगरावर दमलं तर मागे फिरता येतं, उतारच असतो. तळ्याच्या अर्ध्यावर मात्र मागे फिरा नाहीतर पुढे जा, अंतर तेवढंच. एका बाकावर बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. तेव्हा लेक म्हणाली, “आई, हे तळं नव्हतंच. कोळशाची खाण होती.”

पुरी हातातच राहिली. समोर शिडाच्या होड्या, वाळूचा किनारा, पोरं डुंबतायत. आणि म्हणे १९८०च्या दशकात इथे जमीन खरवडून तपकिरी कोळसा काढत होते. कोस्पुडेन हे त्या खाणीसाठी उठवलेल्या एका गावाचं नाव. गाव गेलं, नाव खाणीला मिळालं, खाणीवरून तळ्याला आलं. पूर्व जर्मनीतली राजवट कोसळल्यावर आसपासच्या लोकांनी ओरड केली, की आता पुरे, हे खोदकाम शहराच्या आणखी जवळ आणू नका. खाण थांबली. १९९३ पासून खड्डा पाण्याने भरायला घेतला आणि २००० साली लोकांसाठी खुला केला. सर्वात खोल जागी पन्नास मीटरहून जास्त पाणी आहे. आमची सात मजली सोसायटी त्यात उभी बुडेल आणि वर आणखी एक ठेवता येईल.

मला वाटलं, खड्डा आहे, पाऊस पडतो, भरेल आपोआप. तसं नसतं. कोळशावरची सगळी माती उपसून बाजूला टाकलेली असते, ती भुसभुशीत. खाण चालू असताना पंप लावून जमिनीखालचं पाणी खाली ठेवलेलं असतं. पंप थांबले की पाणी वर येतं आणि भिजलेला काठ चक्क वाहायला लागतो. २००९ साली नाख्टरश्टेट नावाच्या गावात अशाच एका खाणतळ्याचा काठ घरांसकट पाण्यात गेला, तीन माणसं गेली. शिवाय त्या मातीत गंधकाचं खनिज असतं. हवा-पाणी लागलं की त्याचं आम्ल होतं, म्हणून काही तळ्यांत होडीतून चुना टाकतात. आपण विड्याला लावतो तोच चुना, इथे टनांनी. मी ज्या सपाटीवर कुरकुरत चालत होते, ती सपाटी कुणीतरी उतार घोटून, दाबून, मोजून केलेली होती.

परत आले आणि ज्वेलवर पहिल्याच संध्याकाळी मान आपोआप पूर्वेकडे वळली. तिकडे पारसिकचा डोंगर दिसतो. म्हणजे त्याचा उरलेला भाग. मध्येमध्ये काळे उभे कडे दिसतात, ते निसर्गाने केलेले नाहीत.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा दुपारी त्या बाजूच्या दगडखाणींत सुरुंग उडायचे. आधी लांबून भोंगा, मग धडाम, मग शोकेसमधले कप किणकिणायचे. सासूबाई दुपारच्या चहाचं आधण त्या आवाजावर ठेवायच्या. क्रशरची धूळ दोरीवरच्या कपड्यांवर बसायची; पांढरा शर्ट घालणाऱ्या माझ्या नवऱ्याची त्या काळात फार चिडचिड व्हायची. डंपरमधून सांडलेली खडी रस्त्यावर, आणि तिच्यावरून घसरलेल्या स्कूटर. आम्ही सगळे मिळून खाणींना शिव्या घालायचो, त्याच खडीच्या स्लॅबखाली पंख्याच्या वाऱ्यात बसून.

हे मला लाइपझिगला जाईपर्यंत सुचलं नव्हतं, याची आता लाज वाटते. त्यांचा कोळसा जळून गेला. आमचा दगड कुठे गेलेला नाही, इथेच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो काळा पत्थर फोडून, खडी करून आमच्या खांबांत, रस्त्यांत, स्टेशनांत घातलाय. वरच्या मुरमाने खालची खाजणं नि भातशेतं भरून काढली. त्या खड्ड्यातून जे गेलं ते आमच्या घराच्या भिंतींत नांदतंय. अलीकडे विमानतळासाठी उलव्याची टेकडीही अशीच सपाट झाली. आणि ज्वेलचं हे तळं तरी काय, पुराच्या भीतीने राखलेला खड्डाच. भरतीला खाडीकडची दारं मिटतात, पावसाचं पाणी इथे थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. आपण हवा खायला येतो, ते बिचारं ड्युटीवर असतं.

एकदा नवऱ्याला घेऊन मी डोंगराच्या पायथ्याची एक बंद पडलेली खाण बघायला गेले. तळाशी पाणी साचलंय, हिरवं आणि इतकं स्तब्ध की कड्याची रेघन् रेघ त्यात उलटी दिसते. एक खंड्या तारेवर. काठाला शेळ्या. नवरा म्हणाला, “सुंदर आहे गं.” आणि आहेच. पण काळ्या पत्थराची खाण कोळशासारखी नसते, तिचा काठ भिजून वाहत नाही; कापला तसा सरळसोट उभा राहतो आणि तसाच पाण्याखाली जातो. उथळ अशी जागाच नाही. पाय टाकला की पुरुषभर नाही, चार पुरुष खोल. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या खाणीत पोहायला गेलेल्या पोरांची बातमी येते, ती त्यामुळे. नुसतं कुंपण घालून आणि दोन बाकडी टाकून इथे फेरी होणार नाही. निदान एका अंगाने तरी कडा पायऱ्यापायऱ्यांनी कापून पाण्यापर्यंत उतार करावा लागेल. आम्ही उभे होतो तिथे ‘पाण्यात उतरू नये’ अशी पाटी होती आणि पाटीवर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता.

आता आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं वारं आहे. सात मजले पाडायचे, जागी पंचवीस होणार. परवाच्या मीटिंगला बिल्डरचा माणूस रंगीत चित्रं घेऊन आला होता. एका चित्रात गच्चीवर तळंसुद्धा होतं. मी हात वर करून विचारलं, की या इमारतीचं डेब्रिज कुठे टाकणार? आणि नव्या पंचवीस मजल्यांची खडी कुठून आणणार?

तो अदबीने हसला. “मॅडम, ते आमच्यावर सोडा.”

मागून कुणीतरी पार्किंगचं विचारलं, आणि मग दीड तास पार्किंगच चाललं.