कागद चकाचक, टाकीत पाणी

आज शिरपूरला इंदूरहून आलेली एक चौदाचाकी ट्रक तपासली. हातोडीने टायर ठोकत गेलो, मागच्या जोडीतल्या आतल्या टायरचा आवाज बद्द आला. बाहेरून दिसायला सगळं ठीक, आत हवाच नाही. शेजारचा टायर एकटाच भार ओढून भट्टीसारखा तापलेला. ब्रेकला हवा पुरवणाऱ्या एअर टाकीचा ड्रेन उघडला तर तेलकट पाण्याची धार! हे पाणी व्हॉल्व्हमध्ये गेलं की ब्रेकचा भरवसा संपला.

ड्रायव्हर मात्र बिनधास्त. "बिजासन घाटना उतारवर न्यूट्रल टाकी देस भाऊ, डिझेल वाचस."

कसलं वाचतंय? हल्लीच्या इंजिनात गिअर ठेवून ॲक्सिलेटर सोडला की डिझेल आपोआप बंद होतं, न्यूट्रलमध्येच उलट जळत राहतं. वर सगळा भार ब्रेकवर, ब्रेकचे लायनर तापले की पकड गेली. जुलै 2023 मध्ये पळासनेरला ब्रेक फेल झालेला कंटेनर हॉटेलात घुसला, तो याच रस्त्यावर. या ड्रायव्हरला ते पाठ होतं. म्हणे, "तो ड्रायव्हर नवा असेल." आता काय बोलावं!

फिटनेसचा कागद चकाचक, मुदतीतला. शेठना फोन केला, टायर बदलल्याशिवाय माल भरणार नाही. शेठ तापलेत. तापू द्या.