कारा-नोंदी: ड्रिफ्ट थांबला, पहिलं ॲक्शन पोटेन्शियल मिळालं

कारा या पाणवनस्पतीसारख्या दिसणाऱ्या शेवाळाची दोन पेरांमधली कांडी म्हणजे एकच लांब पेशी. ती तीन कप्प्यांत (‘अ’, ‘ब’, ‘क’) आडवी बसवून तिच्या पटलाचं, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाचं, विद्युत विभव मी घरीच मोजतो आहे. काल संध्याकाळी ‘ब’ कप्प्याचं रीडिंग उणे १७० मिलिव्होल्टच्या आसपास गेलं आणि तिथेच थांबलं. जेवणं आटोपून परत पाहिलं, तर दोन-तीन मिलिव्होल्टांचा फरक. मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. इतके दिवस प्रत्येक कांडी उणे १५० ला सुरू व्हायची, पहिल्या अर्ध्या तासात भराभर वर चढायची आणि मग हळूहळू उणे ९० पर्यंत येऊन रेंगाळायची. पेशी जिवंतच असायची. भिंगाखाली पेशीद्रव छान फिरताना दिसायचं. तरी विभव मात्र ओसरत जायचं. हाच तो ड्रिफ्ट.

मांडणी तीच आहे. भातखाचरातून आणून वाढवलेल्या कारा ब्राउनीची एक कांडी, दोन्ही पेरं शाबूत. या जातीच्या कांडीवर सालीसारखं पेशींचं आवरण नसतं, त्यामुळे पटल थेट द्रावणाला भिडतं. या कामासाठी ती मला सगळ्यांत सोयीची वाटते. ॲक्रिलिकचे तीन कप्पे, मधल्या भिंतींत खाचा, खाचांत व्हॅसलीन. ‘क’ मध्ये ११० मिलिमोलार केसीएल (पोटॅशियम क्लोराइड), म्हणजे तिथल्या पटलाचं विभव जवळपास शून्यावर येतं आणि सुई न टोचता ‘ब’ मधल्या पटलाचं विभव वाचता येतं. ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये कृत्रिम तळ्याचं पाणी: पोटॅशियम, सोडियम आणि कॅल्शियमची क्लोराइडं प्रत्येकी ०.१ मिलिमोलार.

ड्रिफ्ट म्हटला की पहिला संशय इलेक्ट्रोडवर. सराफाकडून घेतलेल्या शुद्ध चांदीच्या तारेवर मी केसीएलमध्ये दीड व्होल्टच्या सेलने क्लोराइड चढवतो, करडा-जांभळा थर येईपर्यंत. तार घेताना शुद्ध चांदीच मागा, दागिन्यांच्या ९२.५ टक्केवाल्या चांदीत तांबं असतं. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच केसीएलमध्ये अंधारात ठेवले, तर संध्याकाळभरात फरक एका मिलिव्होल्टच्या आत. म्हणजे इलेक्ट्रोड निर्दोष.

मग बफर, म्हणजे पेशीकडून जवळजवळ प्रवाह न ओढता तिचं विभव मीटरपर्यंत पोचवणारी चिप. माझ्या एलएमसी ६६२ चा इनपुट करंट फेम्टोॲम्पिअरमध्ये, म्हणजे जवळजवळ शून्यच, पण बाजारात येणारी प्रत्येक चिप खरी असतेच असं नाही. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या चिपांचं इनपुट १०० मेगाओममधून ग्राउंडला जोडलं तर आउटपुटला कित्येक मिलिव्होल्ट दिसले. नाव तेवढं छापलेलं, आत दुसरंच काहीतरी. ही १०० मेगाओमची चाचणी प्रत्येकाने करावी, पाच मिनिटांचं काम आहे. आता वापरतो ती चिप त्या परीक्षेत पास झाली होती, त्यामुळे बफरही सुटला.

राहिली व्हॅसलीनची भिंत. कांडीच्या जाडीची मासेमारीची नायलॉन दोरी त्याच खाचेतून त्याच व्हॅसलीनमध्ये बसवली. मल्टिमीटरची २० मेगाओमची रेंजही अपुरी पडली, म्हणजे गळती नाही. (औषधाच्या दुकानातली साधी पांढरी पेट्रोलियम जेली घ्या. सुगंधी प्रकार खाचेच्या कडेला धरत नाहीत.) पेशीभित्तिका ओली असते आणि तिच्यातून थोडा प्रवाह निसटतो हे खरं, पण त्याने रीडिंग पहिल्यापासूनच कमी यायला हवं. शिवाय भित्तिका खाचेत सुकत गेली तर विभव वाढायला हवं. माझ्याकडे उलटं चाललं होतं.

दोन गोष्टींनी दिशा दिली. गरम पाण्यात बुडवून मारलेली कांडी बसवली तर रीडिंग शून्याजवळ आणि स्थिर. आणि ‘क’ मध्ये ११० ऐवजी निम्मं केसीएल घातलं तर ड्रिफ्ट स्पष्ट मंदावला. म्हणजे पेशी जिवंत हवी आणि त्या कप्प्याची संहती मोठी हवी, तरच हा प्रकार घडतो. तेव्हा कामिया आणि ताझावा यांचं १९५६ चं काम आठवलं. त्यांनी नायटेला या काराच्या भाऊबंद शेवाळाची एक पेशी दोन कप्प्यांत विभागून बसवली, एकीकडे पाणी आणि दुसरीकडे तीव्र द्रावण ठेवलं, आणि पाणी पेशीच्या एका टोकातून आत शिरून दुसऱ्या टोकातून बाहेर पडताना मोजलं. माझी मांडणी नेमकी तीच तर आहे! ११० मिलिमोलार केसीएलचा परासरण दाब (दाट द्रावणाची पटलातून पाणी ओढून घेण्याची ताकद) वातावरणाच्या दाबाच्या जवळपास पाचपट भरतो. ‘ब’ मधून पाणी आत, ‘क’ मधून बाहेर, आणि रिक्तिकेतले (पेशीच्या आतल्या मोठ्या पोकळीतले) क्षार त्या ओघाबरोबर ‘क’ च्या टोकाकडे वाहत जाणार. एक टोक पातळ, दुसरं दाट. जसजसा दोन टोकांतला फरक वाढतो तसतसा ओघ मंदावतो, म्हणूनच तो आलेख आधी वेगाने चढून मग रेंगाळत होता. आलेखाचा आकार पहिल्यापासून पाण्याकडेच बोट दाखवत होता.

उपाय सोपा निघाला: दोन्ही बाजूंचा परासरण दाब सारखा करायचा. जपानी प्रयोगशाळांच्या लेखांत ११० मिलिमोलार केसीएलच्या समोर १८० मिलिमोलार सॉर्बिटॉल (साखरेच्या कुळातला पदार्थ) ही जोडी सर्रास दिसते. सॉर्बिटॉलकडे मी आजवर नुसतं रेसिपीतला एक घटक म्हणून पाहत होतो. घरात नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी साखर वापरली, लिटरला सुमारे ६२ ग्रॅम. ड्रिफ्ट बराच थांबला, पण टीडीएस पेनने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) पाहिलं तर नुसत्या साखरेच्या द्रावणातही क्षार दिसत होते. जिथे ०.१ मिलिमोलार पोटॅशियमचा हिशेब ठेवायचा, तिथे साखरेतले क्षार परवडत नाहीत. शिवाय सकाळपर्यंत द्रावण गढुळलं. सॉर्बिटॉल आल्यावर लिटरला ३३ ग्रॅम घातलं, आणि कालचं रीडिंग मिळालं.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे डिवचल्यावर पेशीच्या विभवाने घेतलेली क्षणिक उडी. बेसलाइन स्थिर झाल्यावर ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये ९ व्होल्टची बॅटरी १ मेगाओममधून क्षणभर जोडली. पहिल्यांदा छोटीशी उसळी, आणि बस. पल्स थोडा लांबवला, तेव्हा विभव उणे १७० वरून थेट उणे ३० च्या जवळ गेलं आणि काही सेकंदांनी आपल्या चालीने परत खाली आलं. मज्जातंतूत हेच मिलिसेकंदांत उरकतं. इथे रेघ चढताना डोळ्यांनी पाहता येते. कॅल्शियम वाढतं, क्लोराइडच्या वाटा उघडतात, क्लोराइड बाहेर धावतं, मागोमाग पोटॅशियम. दुसऱ्यांदा पल्स देताना डोळा भिंगाला लावून बसलो होतो. एकसारखं फिरणारं पेशीद्रव जागच्या जागी थांबलं, आणि पुन्हा पूर्ण वेगात यायला कित्येक मिनिटं लागली. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

पोटॅशियमची चाचणीही लगेच घेतली. ‘ब’ मध्ये ०.१ वरून १ मिलिमोलार केलं तर विभव फारसं हललं नाही. पटलातला प्रोटॉन पंप (हायड्रोजन आयन बाहेर ढकलणारं प्रथिन) सांभाळून घेतो. १० ला मात्र ते उणे ६५ च्या आसपास बसलं, म्हणजे आता विभव पोटॅशियमच ठरवतं.

पुढचा बेत मायक्रोपिपेट (पेशीत टोचायची काचेची बारीक सुई) ओढायच्या यंत्राचा होता, साहित्यही जमवायला घेतलं होतं. पण बेसलाइन इतकी शांत असताना सुई टोचण्यात मला राम वाटत नाही. त्यापेक्षा ॲक्शन पोटेन्शियलमध्ये बाहेर पडणारं क्लोराइडच मोजावं. चांदी-क्लोराइडची तार क्लोराइडला प्रतिसाद देतेच. ‘ब’ मधली क्लोराइडं काढून कॅल्शियम सल्फेट वगैरे घालायचं, आणि एक जास्तीची तार त्यात सोडायची. संदर्भ इलेक्ट्रोडसाठी मात्र पोटॅशियम नायट्रेटचा आगर-ब्रिज (क्षार मिसळलेल्या जेलीचा, दोन द्रावणं जोडणारा पूल) लागेल, नाहीतर ब्रिजमधूनच क्लोराइड झिरपेल.

हिशेब लिहिता लिहिताच मांडतो. एका वेळी बाहेर पडणारं क्लोराइड दर चौरस सेंटिमीटरला नॅनोमोलच्या घरात. माझ्या ‘ब’ कप्प्यात पटलाचं क्षेत्रफळ जेमतेम ०.२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.२ नॅनोमोल. १०० मायक्रोलिटरच्या कप्प्यात ते फक्त २ मायक्रोमोलार होतं. सिल्व्हर क्लोराइडची स्वतःची विद्राव्यताच सुमारे १३ मायक्रोमोलार, तिच्याखाली तार काही बोलणार नाही. वाहकता मोजावी तर तापमान एक अंश हललं तरी सुमारे दोन टक्क्यांचा फरक पडतो, तो इथल्या बदलाला गिळून टाकेल. तेव्हा कप्पाच लहान हवा: २० मायक्रोलिटरचा थेंब, आणि बाष्पीभवन थांबवायला वर लिक्विड पॅराफिनचा थर. त्यात दोन-दोन मिनिटांच्या विश्रांतीने सात-आठ ॲक्शन पोटेन्शियल घेतली तर ८० मायक्रोमोलारच्या आसपास जाता येईल. हे जमण्यासारखं आहे.

अधल्यामधल्या वेळात एक छोटी गोष्ट झाली. स्विमिंग पूलच्या चाचणी किटमधला फिनॉल रेड (आम्ल-अल्क दाखवणारा रंग) पातळ आगरमध्ये घालून कांडी त्यात पुरली आणि दिव्याखाली ठेवली. थोड्याच वेळात कांडीवर गुलाबी आणि पिवळे पट्टे आलटून पालटून उमटले. अल्कधर्मी आणि आम्लधर्मी पट्टे, पुस्तकात दाखवतात तसेच. दिवा बंद केला की विरत जातात. यासाठी बफर नाही, चिप नाही, काही नाही. नव्याने सुरू करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत झालं आहे.

नवा ‘ब’ कप्पा कापायला टाकला आहे. खाचेची रुंदी २ मिलिमीटर ठेवतो आहे. थेंबाला पॅराफिनखाली धरून ठेवायला ॲक्रिलिकपेक्षा टेफ्लॉनची कड बरी पडेल का, कुणी करून पाहिलं असेल तर कळवा. ॲक्रिलिकवर २० मायक्रोलिटरचा थेंब पसरतो आणि थेट व्हॅसलीनला जाऊन टेकतो.