काजू युनिटचा सर्व्हर नव्या डब्यावर : चतुर्थीच्या सुट्टीतली नोंदवही

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार

युनिट वेंगुर्ल्याजवळ, समुद्रापासून जेमतेम किलोमीटरभर. सर्व्हरवर ओझं किरकोळ आहे: सहा संगणक, टॅलीचा डेटा ६ जीबी, कच्च्या काजूच्या खरेदीचा मारियाडीबी या डेटाबेसमधला हिशेब १ जीबी, आणि स्कॅन केलेल्या पावत्या, त्याच २२० जीबीच्या वर. मुहूर्त चतुर्थीचा, कारण तेवढे दिवस कोकणात ऑफिस कोण उघडत नाही. खरेदीच्या हंगामात सर्व्हरला हात लावायचा नसतोच. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपासही नाही, जीएसटीची विवरणपत्रं अंगावर असतात.

जुना डबा २०१४चा: आय३, ८ जीबी रॅम, १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क एमडीअ‍ॅडमच्या आरशात (लिनक्सची सोय, दोन्हींवर एकच डेटा), डेबियन १० ही लिनक्स प्रणाली. तिचा लांबलेला सुरक्षा आधारही ३० जून २०२४ला संपला. पण बदलायचं खरं कारण स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते त्या, आकड्यांत आहे. एका डिस्कचा १९९ क्रमांकाचा गुणधर्म, म्हणजे सीआरसी चुका (वाटेत बिघडलेला डेटा), दोन हजारांच्या पुढे. तिचेच ५ आणि १९७ (खराब सेक्टरांचे आकडे) मात्र शून्य. असं चित्र दिसलं की डिस्क टाकून द्यायची घाई नको. आतली चकती धड आहे, बिघाड केबलीत किंवा टोकाशी आहे. झाकण काढलं तर साटाच्या (डिस्क जोडायच्या) सॉकेटवर हिरवी बुरशी दिसली. ती बुरशी नव्हे, खाऱ्या हवेने तांब्यावर आणलेला गंज. रॅमच्या टोकांवरही तेच. खोडरबराने घासायची सवय सगळ्यांना असते, पण सोन्याचा मुलामा पातळ असतो, दोनतीनदा घासला की तोही जातो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरतो.

मागच्या मोकळ्या सिरियल पोर्टच्या खाचेत कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं. पॉवर सप्लायमध्ये सुकलेली पाल. हे दोन्ही कोकणात नेहमीचंच, म्हणून नव्या डब्याच्या प्रत्येक मोकळ्या पोर्टाला रबरी टोपी बसवायचं ठरलं.

२४ ऑगस्ट, रविवार

नवा डबा म्हणजे जुन्या बाजारातला ऑफिसचा छोटा डेस्कटॉप: आय५-८५००टी, सहा कोर, १६ जीबी डीडीआर४, १ टीबीची एक एनव्हीएमई आणि १ टीबीची एक साटा एसएसडी. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, मुद्दाम. एकाच खोक्यातल्या जोड्या एकाच आठवड्यात बसतात. वॉटमीटर लावला तर जुना टॉवर रिकामा असताना ६० ते ६५ वॉट खायचा, हा १२ वॉटच्या आत. तोच यूपीएस, पण बॅकअप कितीतरी लांबला.

पावसाळी दिवसांत एसीतला डबा आणून लगेच उघडू नये, गार पत्र्यावर दव धरतं. बंद खोक्यातच तीनचार तास ठेवावा. आणि पावसाळ्यात डबा चालूच बरा. आतली ऊब ओल धरू देत नाही. रात्री बंद, सकाळी चालू, हा जुना शिरस्ता किनाऱ्यावर उलटा पडतो.

रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी. एकही चूक नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

डेबियन १३ याच महिन्याच्या ९ तारखेला आली, पण दोन आठवड्यांच्या आवृत्तीवर कुणाचा हिशेब चढवायचा नसतो. डेबियन १२ घातली. प्रॉक्समॉक्सचा (एका डब्यात अनेक आभासी यंत्रं चालवणारी प्रणाली) विचार सोडला. सहा माणसांच्या ऑफिसात आभासी यंत्रांचा थर वाढवला तर लाईट गेल्यावर शोधायची जागा एकाने वाढते.

प्रत्येक डिस्कवर तीन तुकडे केले: ५१२ एमबी ईएफआय (डबा सुरू करणाऱ्या फायलींचा), ४० जीबी प्रणालीचं रूट (एमडीअ‍ॅडम, रेड १), ८६० जीबी झेडएफएस (डेटा सांभाळणारी फाईल-प्रणाली). शेपटाला सुमारे ३० जीबी मोकळे सोडले. उद्या एखादी डिस्क मेली आणि बदली डिस्क काही सेक्टरांनी लहान निघाली तर आरसा पुन्हा जोडता येत नाही, म्हणून. झेडएफएस डेबियनच्या कॉन्ट्रिब विभागात आहे, त्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जोडायचा भाग, डीकेएमएस या साधनाने बांधलं जातं. कर्नलचे हेडर आधी घालावे लागतात, आणि सिक्युअर बूट (सहीशिवायचं काही चढू न देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूल चढतच नाही. एकतर बायोसमध्ये ते बंद करा, नाहीतर किल्ली नोंदवा.

पूल, म्हणजे दोन्ही डिस्क मिळून झेडएफएसचा साठा, त्याच्या सेटिंग: अ‍ॅशिफ्ट १२, एलझेड४, एटाईम बंद, एक्सअ‍ॅटर एसए, एसीएल पॉझिक्स. डिस्कची नावं बाय-आयडीतली. मारियाडीबीचा डेटासेट वेगळा, रेकॉर्डसाईज १६के, कारण इनोडीबीचं पान तेवढंच असतं. एआरसी (झेडएफएसचं रॅममधलं कॅश) आपणहून निम्मी रॅम घेतं, त्याला ४ जीबीचा लगाम (४२९४९६७२९६ बाइट) मॉडप्रोबच्या फाईलमध्ये, आणि त्यानंतर इनिट्रॅमएफएस (सुरुवातीला चढणारी छोटी प्रणाली) पुन्हा बांधलं. ही शेवटची पायरी विसरली की रीबूटनंतर लगाम न दिसण्याची शक्यता असते.

सगळ्यात फसवी जागा ईएफआयची. रूट आरशात असलं तरी इन्स्टॉलर बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) एकाच डिस्कच्या ईएफआयवर टाकतो. म्हणून दुसऱ्या डिस्कवर तेवढं विभाजन हाताने नकललं, ईएफआयबूटएमजीआरने दुसरी नोंद केली, आणि मग एनव्हीएमई खरोखर काढून डबा चालू केला. पहिल्या खेपेला उठला नाही. ग्रब या बूटलोडरची फाईल नकललीच नव्हती, फक्त फोल्डर होतं. ही चाचणी आज केली म्हणून कळलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी पाचला पहिली नक्कल. जुना सर्व्हर चालू ठेवूनच, आरसिंक या नकलायच्या साधनाने: परवानग्या, हार्डलिंक, एसीएल, विस्तारित गुणधर्म या सगळ्यांचे पर्याय, शिवाय न्यूमेरिक-आयडीज. नव्या डब्यावर वापरकर्ते त्याच यूआयडीने (वापरकर्ता-क्रमांकाने) आधीच तयार केले होते. मूळ वाटेच्या शेवटची तिरकी रेघ राहिली की फोल्डरात फोल्डर तयार होतो, हे पुन्हा सांगायला नको, तरी सांगतो.

वेग ११ एमबी सेकंदाला. या गतीने २३० जीबीला सहा तास. एथटूल या साधनाने सांगितलं की जोडणी शंभर मेगाबिटवर आहे. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच. त्यामुळे एखादी पिन गंजली तर नेटवर्क बंद पडत नाही, गुपचूप शंभरावर उतरतं आणि वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. टोक कापून नवी आरजे४५ मारली, जोडणी हजारावर आली. बारीक फायलींमुळे तरी दोन तास लागलेच.

आरसिंकने सतरा फायली नाकारल्या. तक्रार नाव फार लांब असल्याची. या हिशेबनिसांच्या विंडोज संगणकाच्या डी ड्राइव्हवरून आज प्रथमच सर्व्हरवर आणायच्या होत्या. विंडोज नाव अक्षरखुणांनी मोजतं, २५५पर्यंत. लिनक्स मोजतं बाइट, तेही २५५. देवनागरीची प्रत्येक खूण, काना-मात्रा-अनुस्वारासकट, यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेते. म्हणजे मराठी नावाला जागा ८५ खुणांचीच. एकट्या ‘शेतकऱ्यांच्या’ला ३९ बाइट लागतात. नावं हाताने आखूड केली.

त्याच नावाने पुढचा घोळही काढला. ‘शेतकऱ्यांच्या पावत्या’ नावाचे दोन फोल्डर, डोळ्यांना तंतोतंत सारखे. बाइट काढून पाहिले. एकात ऱ ही स्वतंत्र खूण (ई० ए४ बी१), दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा जोडक (ई२ ८० ८डी). इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबणारा पहिला फोल्डर उघडतो, जुन्या पद्धतीने टंकणारा दुसरा तयार करतो. झेडएफएसचं नॉर्मलायझेशन इथे कामाचं नाही. ते र-नुक्ता आणि ऱ एक मानतं, जोडकवालं रूप वेगळंच राहतं. शिवाय तो पर्याय डेटासेट तयार करतानाच द्यावा लागतो. शेवटी दोन्हींतल्या फायली एकत्र करून दुसरा फोल्डर काढला, आणि नव्या नावांत जोडक दिसला तर कळवणारी छोटी स्क्रिप्ट रोज रात्री लावली. या दोन फोल्डरांपायी वर्षाचा हिशेब अपुरा दिसला असता आणि दोष सर्व्हरवर आला असता.

२७ ऑगस्ट, बुधवार

चतुर्थी. काम बंद.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दीड दिवसाचे गणपती पोचवून रात्री नऊला अदलाबदल. जुन्या डब्यावर सांबा (विंडोज संगणकांना फोल्डर वाटून देणारी सेवा) आणि मारियाडीबी थांबवले, आरसिंकची शेवटची खेप डिलीटसकट, मग चेकसमसह (फायलींच्या आतला डेटा पडताळत) कोरडी फेरी, काही न नकलता. फरक शून्य.

डेटाबेसची फोल्डर-नक्कल नाही, डंपच, म्हणजे मजकुराच्या रूपातली निर्यात. मारियाडीबी १०.३वरून १०.११वर जाताना सिंगल-ट्रान्झॅक्शन, रूटीन, इव्हेंट, ट्रिगर हे सगळे पर्याय घेतले. सिस्टिमचा ‘मायएसक्यूएल’ डेटाबेस उचलून ओतू नये. वापरकर्ते नव्याने तयार करून अधिकार द्यावेत. तपासणीला ओळींची संख्या, आणि गेल्या तीन हंगामांची किलो व रुपयांची बेरीज दोन्हीकडे काढून जुळवली. हिशेबनिसांना चेकसमपेक्षा हीच भाषा पटते.

सांबाची पासडीबी (वापरकर्त्यांची) फाईल नेली तर त्यांचे एसआयडी (ओळख-क्रमांक) जुन्या डब्याचे राहतात आणि लॉगिन नाकारलं जातं. आधी यंत्राचं नाव तेच ठेवायचं, जुन्यावर गेटलोकलएसआयडी, नव्यावर सेटलोकलएसआयडी, मगच सांबा चालू. टॅलीच्या शेअरवर ऑपलॉक बंद केले. एकच फाईल चारजण उघडतात तिथे विंडोजने आपल्याकडे लिखाण साठवून ठेवणं म्हणजे डेटा फुटायला आमंत्रण.

आयपी जुनाच दिला, १९२.१६८.१.१०. सगळ्या संगणकांच्या टॅलीत डेटाची वाट याच आकड्यावर आहे. टॅलीचं लायसन्स हिशेबनिसांच्या संगणकावर असल्याने त्याला धक्का नाही. ज्यांचं सर्व्हरवरच असेल त्यांनी जुनं यंत्र बंद करण्याआधी ते सरेंडर करावं. आणि त्याच रात्री टॅलीची आवृत्ती चढवू नये. डेटा नव्या आवृत्तीत गेला की जुन्यात उघडत नाही, मागे फिरायची वाट बंद.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

झेरॉक्स मशीनचं स्कॅन फोल्डरात येईना, वजनकाट्याजवळचा एक्सपी संगणकही सर्व्हर ओळखेना. दोघांनाही एसएमबी१च (फायली वाटायची जुनी पद्धत) येतं. डेबियन १०मध्ये सांबा ४.९ होतं. ४.११पासून एसएमबी१ मुळातच बंद असतं, आणि डेबियन १२मध्ये ४.१७ आहे. एका ओळीत ते पुन्हा उघडता येतं, पण मग टॅलीसकट सगळा सर्व्हर त्या दारातून उघडा पडतो. त्यापेक्षा दोघांसाठी एफटीपी ठेवलं, फक्त आतल्या नेटवर्कवर, वेगळ्या फोल्डरात, टॅलीच्या वाऱ्यालाही न जाणारा वापरकर्ता देऊन. एक्सपीवर चार ओळींची बॅच फाईल पुरली.

यूपीएस ६०० व्हीएचा साधाच. यूएसबीवर ०६६५:५१६१ दिसला म्हणजे नट या यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा एनयूटीडीआरव्ही-क्यूएक्स ड्रायव्हर लावायचा. तो दाखवतो ती बॅटरीची टक्केवारी अंदाजपंचे असते, तिच्यावर विसंबू नये. लाईट गेल्यापासून चार मिनिटांनी बंद, असं घड्याळच लावलं. दुसरी गोम: डबा बंद होत असतानाच लाईट आली तर यूपीएसचा पुरवठा तुटतच नाही, आणि बायोसमधलं ‘वीज आल्यावर चालू’ हे वीज तुटल्याशिवाय काम करत नाही. डबा तसाच मिटून बसतो. म्हणून बंद होताना शेवटी यूपीएसलाही बंद व्हायची आज्ञा द्यावी लागते. प्लग उपटून तीनदा पाहिलं.

पॅकिंग शेडकडे अंगणातून जाणारी तांब्याची नेटवर्क केबल काढली. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं, मध्ये तांबं, आणि मे-ऑक्टोबरच्या विजा. त्याजागी फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर. ड्रॉप केबल घेताना आत पोलादी तार नसलेली, एफआरपी (प्लॅस्टिकच्या) काडीची मागावी. नाहीतर वीज त्या तारेवरून येतेच.

न्यूट्रल आणि अर्थमधला दाब १.८ व्होल्ट आला. या आकड्यावर खूश होण्यात अर्थ नाही. ऑगस्टात जांभा पाण्याने भिजलेला असतो. खरं माप मेमध्ये, खडक कोरडा ठणठणीत असताना.

३ सप्टेंबर, बुधवार

गौरी-गणपती पोचले, ऑफिस उघडलं. एका संगणकाच्या कायम साठवलेल्या एआरपी तक्त्यात (कोणत्या आयपीमागे कोणतं यंत्र, ही नोंद) जुन्या डब्याचा मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, अडकला होता, तो पुसल्यावर चालला. दुसरी तक्रार आली नाही.

स्नॅपशॉट (त्या क्षणाचं डेटाचं चित्र) ऑफिसच्या वेळेत दर १५ मिनिटांनी, दोन दिवस ठेवायचे. रोजचे तीस. बॅकअपला दोन यूएसबी डिस्क आलटून पालटून, त्यातली एक सावंतवाडीला नातेवाइकांकडे. माळ्यावर ठेवून भागत नाही. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं.

जुना डबा पुसलेला नाही. नेटवर्क केबल काढून, टोपण लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात आहे. सप्टेंबरचं विवरणपत्र ऑक्टोबरच्या २० तारखेला भरलं गेलं की डिस्क काढायच्या. अर्थिंगचं मेमधलं माप याच वहीत लिहायचं आहे.